सात नंबरचा उतार

माझी मुलगी बर्फ मोजते, असं मी चार वर्षं सगळ्यांना सांगत आले. ऐकणारी बाई त्यावर पुढं काही विचारत नसे. औंढ्यात बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याच्या गोणपाटात गुंडाळलेली लादी. ती मोजायला एमएस्सी झालेली पोरगी हिमाचलात कशाला पाठवायची, हे कुणालाच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. पण मी तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढलेली बाई. जगात अशी पुष्कळ कामं असतात की ज्यांचा अर्थ फक्त करणाऱ्याला ठाऊक असतो, आणि पगार मात्र सगळ्यांचा होतो. म्हणून मी फार खोलात गेले नाही.

राग मात्र होता. सत्तावीस वर्षांची पोरगी, नाव जाई, आणि राहते कुठं, तर साडेदहा हजार फुटांवरच्या पत्र्याच्या चौकीत. सोबतीला हरिचंद नावाचा त्याच खोऱ्यातला साठीचा माणूस आणि त्याची बायको. सकाळी नऊला आणि दुपारी चारला बाहेर उभं राहायचं, समोरच्या डोंगराचे अकरा उतार दुर्बिणीतून बघायचे. त्या उतारांना नावं नाहीत, नंबर आहेत. कुठल्या उतारावरून बर्फाचा लोट आपणहून खाली आला, कधी आला, किती रुंद, कुठवर पोचला, हे बघून फोनवरचा तक्ता भरायचा. त्या तक्त्यावर खालच्या खोऱ्यातला रस्ता उघडा ठेवायचा की बंद, हे ठरतं. हे सगळं तिनं मला दहादा सांगितलं होतं. मी दहादा म्हणाले होते, की एवढंच बघायचं असेल तर तिथला एखादा म्हातारा बघेल, तू घरी ये.

यंदा फाल्गुनात पुष्करचं लग्न ठरलं. पुष्कर माझा थोरला. जाई करवली, ती नसून कसं चालेल? चौकीतला दुसरा शिकलेला मुलगा आजारी पडून खाली गेला होता, म्हणून तिला रजा मिळेना. शेवटी आठ दिवस मिळाले, तेही एका अटीवर. हरिचंदनं रोज दोनदा फोटो काढून पाठवायचे, आणि तिनं ते बघून इथून तक्ता भरायचा. मला हसू आलं. इकडं मार्चचं ऊन सुरू झालेलं, अंगणात पापड वाळत पडलेले, आणि आमची करवली गच्चीवर बसून हिमालय बघणार.

ती आली त्या संध्याकाळी मी चहा घेऊन वर गेले. ती पाण्याच्या टाकीला टेकून फोनमधला एक फोटो मोठा करून बघत होती. मी डोकावले. मला पांढरा डोंगर दिसला, वर निळं आभाळ. छान होता. कॅलेंडरवर शोभला असता.

"तीन नंबर येऊन गेलाय," ती म्हणाली. "परवा. काल नाही."

"हे तुला कुणी सांगितलं?"

तिनं मला बाजूला बसवलं. उताराच्या वरच्या अंगाला एक बारीक निळसर रेघ होती, मला आधी दिसलीच नव्हती. "भाकरीचा पापुद्रा सुटतो ना, तसा इथून थर सुटला. रेघेच्या वर बर्फ जाड आहे, खाली गुळगुळीत. सुटलेलं सगळं इथं येऊन थांबलंय." तिनं बोट खाली आणलं. तिथं नांगरटीची ढेकळं पडावीत तसा पांढरा पसारा होता. "आणि ढेकळांच्या कडा बघ, गोल झाल्यात. म्हणजे त्यांच्यावर पुन्हा थोडा बर्फ पडलाय. तो पडला परवा रात्री. म्हणून लोट त्याच्या आधीचा."

"कुणी धक्का दिला त्याला?"

"कुणी नाही. आपलं आपण आलं. म्हणून तर ते महत्त्वाचं. माणूस नाही, जनावर नाही, सुरुंग नाही, तरी आलं, म्हणजे त्या बाजूचा सगळाच बर्फ सुटायच्या बेतात असू शकतो."

मी तोंडानं "असं होय" म्हणाले आणि चहा निवतोय म्हणून दटावलं. पण मनात वाटलं, पोरगी हुशार आहे. एका फोटोत तिनं दोन दिवस वाचले. आमच्या कचेरीत साहेबांना समोरचा अर्ज वाचता येत नसे.

दुसऱ्या दिवसापासून तिकडं बर्फ पडायला लागला, आणि तीन दिवस थांबेना.

इकडं हळदीचा दिवस उजाडला. कुरुंद्याची मंजुळाबाई सकाळच्या बसनं आली. एका फेरफाराच्या कामासाठी वीस वर्षांपूर्वी ती माझ्या टेबलापुढं उभी राहिली होती. काम झालं, ओळख राहिली. तिनं घरच्या शेतातली, घरीच शिजवून वाळवून दळलेली दोन किलो हळद आणली होती. "दुकानातली लावू नका, ताई. त्यात काय काय घालून राहिले आजकाल. ही लावा, पोरगं आठ दिवस पिवळं राहील." तिचं म्हणणं खरं होतं. तेलात कालवलेली ती हळद जाईनं भावाला लावली, मग मैत्रिणींनी जाईला लावली, आणि साडेतीन वाजेपर्यंत तिचे हात कोपरापर्यंत पिवळेधमक झाले होते. मांडवात गाणी लावलेली, एकाचं एकाला ऐकू येईना.

पावणेचारला तिच्या फोनचा गजर झाला. फोन बोटाच्या ठशावर उघडतो. हळदीच्या बोटाला तो ओळखेना. तिनं अंगठा दोनतीनदा पुसून पाहिला, मग मला हाक मारली.

"आई, नंबर सांगते तो घाल आणि उघडून ठेव. हरिचंदचाचांचे फोटो आलेत का तेवढं बघ. मी हात धुऊन आलेच."

मी नंबर घातला. फोटो आले होते, अकरा. तोवर पोरींनी जाईला पुन्हा ओढत नेलं. मी फोन घेऊन माजघरात आले. फोटो एकेक उघडून पाहिले, सगळे पांढरे. डोंगर नाही, आभाळ नाही, काही नाही. खाली हरिचंदचा एक आवाजी निरोप होता, पण बाहेरच्या गोंगाटात तो ऐकणं शक्य नव्हतं. तक्ता उघडाच होता, हिंदीत. अकरा उतार, अकरा चौकोन. घड्याळात तीन सत्तावन्न.

आता इथं माझा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. कचेरीत मी आवक-जावक आणि अहवाल बघायची. महिन्याला वीस-बावीस तक्ते हिंगोलीला जायचे. जनावरांचे रोग, विजेनं झालेले मृत्यू, पडझड झालेली घरं, असे. बहुतेकांवर एकच शब्द लिहायचा, निरंक. काही घडलं नसलं तर निरंक. घडलं की नाही हे तलाठ्यानं कळवलं नसलं तरी निरंक. मुख्य गोष्ट म्हणजे तक्ता वेळेवर जायला हवा. आमच्या तालुक्याचा तक्ता कधी उशिरा गेला नाही, आणि मला एकतीस वर्षांत एकही मेमो मिळाला नाही. याचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा आहे.

मी अकराही चौकोनांत शून्य घातलं आणि पाठवून दिलं. तीन एकोणसाठला.

मग मांडवात जाऊन जाईला ओरडून सांगितलं, "तुझा तक्ता गेला गं, काळजी करू नको." तिनं हसून मान हलवली. नंतर कळलं, तिला ऐकूच गेलं नव्हतं. माझे ओठ हलताना पाहून तिला वाटलं, मी जेवणाचं विचारतेय.

साडेपाचला ती अंघोळ करून आली, केस पुसता पुसता फोन हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. तिला खालच्या कार्यालयाचा निरोप आला होता. प्रतिवेदन मिळाले, सकाळी सातला मार्ग उघडण्यात येत आहे. तीन दिवस अडकलेल्या चाळीसएक गाड्या खालच्या गावात उभ्या होत्या. त्यात दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांची एक बस होती.

"आई," तिनं हळू आवाजात विचारलं, "यातला कुठला उतार तुला दिसला?"

"दिसायचं काय त्यात? सगळं पांढरं होतं."

"मग शून्य कसं?"

"अगं, काही नव्हतं म्हणून शून्य."

तिनं हरिचंदचा निरोप लावून माझ्या कानाशी धरला. म्हातारा खोकत सांगत होता की सकाळपासून ढग चौकीच्या दारापर्यंत आहेत, डोंगराचं पाऊलसुद्धा दिसत नाही, पण दुपारी दोनदा मोठा आवाज आला. कुठल्या उतारावरून, ते कळलं नाही. मग जाईनं तक्ता उघडून दाखवला. प्रत्येक चौकोनाच्या खाली अजून एक लहान चौकोन होता, उतार दिसला नाही तर तिथं खूण करायची. मी तो वाचलाच नव्हता.

"शून्य म्हणजे मी उतार पाहिला आणि तिथून काही आलेलं नाही," ती म्हणाली. "अकरा शून्यं म्हणजे सगळा डोंगर शांत आहे, असं मी सांगितलंय."

खरंच सांगते, इतक्या वर्षांत मी किती निरंक लिहिले असतील, पण त्या शब्दावरून कुणी बस चालवेल असं मनात कधी आलं नव्हतं.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. ती सरळ जिना चढून गच्चीवर गेली, कारण खाली मांडवातल्या गोंगाटात फोनवर बोलता येत नव्हतं. मी मागोमाग गेले. तिनं तिच्या साहेबांना फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. मी तिच्यासमोर उभी राहून हातानं खुणा करत होते. सर्व्हरचं सांग, सर्व्हर. आमच्याकडं सगळ्या चुका त्याच्याच खात्यावर जातात आणि त्याला मेमो देता येत नाही.

जाईनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. मग फोनमध्ये म्हणाली, "सर, चार बजे का प्रतिवेदन रद्द कीजिए. वो गलत है. ग्यारह में से एक भी ढलान दिखी नहीं है. रास्ता मत खोलिए."

तिकडून काहीतरी विचारलं गेलं.

"मैंने नहीं भरा, सर. मेरी माँ ने भरा. फोन मैंने खोलकर दिया था. गलती मेरी है."

तिचा आवाज हलला नाही. मलाही ऐकू यावं इतक्या मोठ्या आवाजात पलीकडं साहेब बोलत होते, आणि ती "जी सर, जी सर" म्हणत उभी होती. एकतीस मार्चला तिचा करार संपत होता. फोन दुसऱ्याच्या हातात दिला म्हणून तो पुढं वाढला नसता तर कुणाला दोष देता आला नसता. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. शेवटी साहेब म्हणाले, रस्ता थांबवतो, सगळं लिहून पाठव. ती टाकीला टेकून बसली आणि पिवळ्या अंगठ्यानं लिहायला लागली.

आता मला रडू यायला हवं होतं, पण आला राग. "माझं नाव कशाला घेतलंस? सेवानिवृत्त बाई मी. काय वाटलं असेल त्यांना?"

"मग काय सांगायचं होतं?"

"काहीही. पाठवताना चुकलं म्हणायचं."

ती लिहायची थांबली. "आई, त्या रस्त्यावर गाडी घेऊन जो उभा आहे ना, त्याला मी दिसत नाही. डोंगरही दिसत नाही. त्याला फक्त माझा आकडा दिसतो. तो आकडा कुठून आला हे मी एकदा खोटं सांगितलं, की उद्यापासून माझ्या एकाही आकड्यावर कुणी पाय ठेवू नये."

मी खाली आले आणि स्वयंपाकघरात भांडी घासायला घेतली. घासायला बाई होती, तरी घेतली. हे आले. हे म्हणजे राधाकृष्ण, माझे यजमान. देवळातली सेवा आटोपून आले की यांना घरातलं सगळं आपोआप कळतं.

"तिनं खरं सांगितलं म्हणून रागावलीस?"

"मी कशाला रागावू?"

"मग त्या पातेल्यानं तुझं काय वाईट केलंय?"

मी दुसरं पातेलं ओढलं. लग्नाच्या घरात नवऱ्याशी भांडायला वेळ नसतो.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. जाई पैठणी नेसून, कानाला फोन लावून कोपऱ्यात उभी राहिलेली मी दोनदा पाहिली. खालच्या गावात अडकलेले लोक हरिचंदकडून नंबर घेऊन तिला फोन करत होते. एका गाडीवाल्यानं तर शिव्याच दिल्या. माल सडतोय, पोरांचा पेपर बुडतोय, आणि तुम्ही लग्नात नाचताय म्हणाला. ती त्याला एवढंच म्हणाली, की भय्या, मला डोंगर दिसलेला नाही, दिसला की त्या मिनिटाला सांगते. मग फोन ठेवून अक्षता घेतल्या. माझी मुलगी असूनही मी तिच्याकडं परक्या बाईसारखी बघत राहिले. इतका अपमान माझा कुणी केला असता तर मी कालचं शून्य पुन्हा लिहून दिलं असतं, जा बाबा म्हणून.

तिसऱ्या दिवशी सत्यनारायण होता. पूजा आटोपून पंगत बसायच्या बेतात असताना हरिचंदचा फोन आला. ढग उघडले होते. वीस मिनिटं उघडे राहिले आणि म्हाताऱ्यानं धावत धावत चौदा फोटो काढले. जाई तिथंच पाटावर बसली. मी, मंजुळाबाई आणि नवी सून तिच्या खांद्यावरून बघायला लागलो.

मला वाटलं होतं, आपल्याला पुन्हा कॅलेंडर दिसेल. पण आता डोळ्यांना काय शोधायचं ते ठाऊक झालं होतं. चार नंबरवर रेघ होती. पाच नंबरवर त्याहून मोठी, अख्ख्या उताराच्या रुंदीची. सहावर आणि आठवर पण. खाली पांढरी ढेकळं ओढ्यापर्यंत गेलेली, काही कडा गोल, काही धारदार. मी म्हटलं, "ही धारदारवाली कालची असतील." जाईनं चमकून माझ्याकडं पाहिलं. "कालची किंवा आजची," ती म्हणाली. चार उतार कुणीही हात न लावता मोकळे झाले होते, आणि ढगाच्या आत कुणाला पत्ता नव्हता. ज्या दिवशी मी शून्य लिहीत होते त्या दिवशी त्यातले दोन तरी येऊन पडलेले होते. हरिचंदनं ऐकलेला आवाज त्यांचाच.

पण जाई त्या चार उतारांकडं बघतच नव्हती. ती सात नंबरचा फोटो मोठा करून बसली होती. त्यावर रेघ नव्हती. ढेकळं नव्हती. साय धरलेल्या दुधासारखा तो उतार गच्च भरलेला होता, आणि त्याच्या बरोबर खाली, बोटभर अंतरावर, रस्त्याची दोन वळणं होती.

"ह्यो तर चांगला दिसून राहिला," मंजुळाबाई म्हणाली. "कुठं काय झालं न्हाई त्याला."

"म्हणूनच, मावशी," जाई म्हणाली. "हे सगळे एकाच दिशेला तोंड करून आहेत, एकच वारा, एकच बर्फ. चौघं आले. हा आला नाही."

तिनं तक्ता भरला. चार उतारांपुढं आकडे, दोन उतारांचा वरचा भाग ढगात राहिला होता तिथं न दिसल्याची खूण, बाकी शून्य. सातपुढंही शून्यच, कारण तिथून काही आलेलं नव्हतं. पण खाली तिनं चार ओळी लिहिल्या, सात नंबर भरलेला आहे, शेजारचे सुटलेत, हा सुटेपर्यंत रस्ता उघडू नये. साहेबांनी यावेळी काही विचारलं नाही. परीक्षेच्या मुलांना तिकडच्या प्रशासनानं खालच्याच गावात पेपर द्यायची सोय करून दिली, असं संध्याकाळी कळलं.

चौथ्या दिवशी तिकडं लख्ख ऊन पडलं. पावणेबाराला जाई बॅग भरत होती आणि मी तिच्या डब्यात धपाटे बांधत होते. हरिचंदनं पाठवलेली चित्रफीत आली. आम्ही दोघींनी उभ्या उभ्या पाहिली.

आधी काहीच होत नाही. पांढरा उतार, ऊन, हरिचंदच्या श्वासाचा आवाज. मग वरच्या अंगाला एक रेघ उमटते. कुणी ओढत नाही, ती आपली उमटते, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. त्यानंतर अख्खा उतार जागचा हलतो. मला वाटलं होतं, बर्फ घसरताना दगडासारखा गडगडत येत असेल. तसं नव्हतं. आधी सगळा पांढरा पत्रा सावकाश सरकला, मग त्याला भेगा पडल्या, मग तुकडे एकमेकांवर चढले आणि त्यातून धूर निघाला, थंड पांढरा धूर, तो डोंगराच्या अर्ध्या उंचीला गेला. आवाज नंतर आला. चौकीचा पत्रा थरथरलेला फितीत ऐकू येतो. हरिचंद हळूच "हे भोले" म्हणाला. धूर खाली बसायला मिनिटभर लागलं. बसल्यावर रस्त्याची दोन्ही वळणं दिसेनात. ओढासुद्धा दिसेना. उंच वाढलेली देवदाराची चार झाडं होती, त्यांचे फक्त शेंडे राहिले.

मी आयुष्यात इतकं सुंदर आणि इतकं भीतीदायक काही पाहिलेलं नाही. मी ती फीत पुन्हा लावायला सांगितली. मग अजून एकदा. पोरगी चार वर्षं त्या डोंगरासमोर रोज दोनदा उभी राहते, आणि मी तिला म्हणत होते, एखादा म्हातारा बघेल.

"त्या दिवशी रस्ता उघडला असता तर?" मी विचारलं.

मला वाटलं होतं ती म्हणेल, बस गेली असती. माझी ती ऐकायची तयारी होती.

"माहीत नाही, आई. कदाचित सगळ्या गाड्या सुखरूप निघून गेल्या असत्या. सात नंबर आज आला. त्या सकाळी आला असता की नाही, ते मी सांगू शकत नाही."

इथंही तिनं स्वतः न पाहिलेलं काही मला सांगितलं नाही. मला बरं वाटावं म्हणून नाही, वाईट वाटावं म्हणूनही नाही.

त्याच दुपारी तिच्या फोनवर कार्यालयाचं पत्र आलं. शासकीय तक्ता अनधिकृत व्यक्तीकडून भरला गेला, याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा कराराच्या मुदतवाढीचा विचार केला जाणार नाही. या प्रकरणात पुढं तिला वर्षाऐवजी सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली, ते नंतरचं. त्या दुपारी आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

खुलासा लिहिणं हे माझं काम. अर्ध्या तालुक्याचे खुलासे मी लिहून दिले आहेत. कुणी बिनरजेचा गैरहजर राहिलेला असो, कुणी नोंद खोडलेली असो, माझ्या हातचा खुलासा गेला की साहेब फायलीवर समज देऊन सोडण्यात यावे असं लिहीत. मी चष्मा लावला, फुलस्केप घेतला, वर डाव्या बाजूला समास सोडला. जाई समोर बसली. ती त्याचं हिंदी करणार होती.

पहिलं वाक्य सवयीनं आलं. घरातील मंगलकार्याच्या गडबडीत नजरचुकीने. मी लिहून वाचलं. छान होतं. यावर कुणी काही बोलू शकलं नसतं. तरी मी ते वाक्य खोडलं, आणि खोडलेला कागद खुलासा म्हणून जात नाही म्हणून दुसरा घेतला.

दुसऱ्यावर लिहिलं, की माझ्या मुलीनं फोटो आले का एवढंच बघायला सांगितलं होतं. तक्ता भरायला सांगितलं नव्हतं. तिचे हात हळदीचे होते. तिनं नंबर सांगून फोन दिला, ही तिची चूक, ती तिनं त्याच संध्याकाळी कळवली. बाकीची माझी. मग नाव लिहिलं, कालिंदी राधाकृष्ण, सेवानिवृत्त अव्वल कारकून.

"हे शेवटचं नको लिहूस," जाई म्हणाली. "तुझ्या नोकरीचा यात काय संबंध? नुसतं आई लिही."

"संबंध आहे," मी म्हणाले.

मग कारणाची ओळ राहिली होती. खुलाशात कारण लागतंच, त्याशिवाय तो खुलासा होत नाही. बाहेर मांडववाले बांबू उतरवत होते. शेवटी मी लिहिलं: उतार मी पाहिले नव्हते, तरी लिहिले. तक्ता वेळेत जावा म्हणून. मी एकतीस वर्षे असेच करत आले.

खाली सही केली, तारीख घातली आणि कागद तिच्याकडं सरकवला. तिनं तो वाचला, पुन्हा वाचला, आणि मान खाली घालून हिंदी करायला घेतलं. डोळे पुसायला मात्र ती दोनदा थांबली.